भावी कमांडोचा उजवा पाय

फ्लेक्सवर एकूण अकरा माणसं होती, आणि आकारमानाने दिपेश त्यांत अकरावा होता. त्याच्याहून लहान असं त्या फ्लेक्सवर एकच होतं, छापणाऱ्याचा मोबाइल नंबर. मधोमध त्याचे कमलाकांतकाका, काळा गॉगल लावून, कानाला फोन धरून. फोन थेट दिल्लीहून आला असावा असा चेहरा. 'घिवलीचा ढाण्या वाघ, भावी मरीन कमांडो चि. दिपेश यांस हार्दिक शुभेच्छा.' खाली 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ', ज्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

"सुनबाई, तुझा भाऊ कुठाय यात?" गाडीच्या पुढच्या सीटवरून सासऱ्यांनी, नागोरावांनी, विचारलं.

"खाली कोपऱ्यात, अण्णा. काकांच्या कोपराखाली."

"हां, घावला. मला वाटलं पोरगं हरवलंय म्हणून छापलंय की काय."

गाडी दिग्विजय चालवत होता. त्याने गरज नसताना गिअर बदलला. मागे बसलेल्या रिद्धीने आरशात त्याच्याकडे पाहिलं. सहा वर्षांच्या संसारात तिने एवढं ओळखलं होतं, की आपला नवरा रागावला की आवाज चढवत नाही, गिअर बदलतो.

दिपेशला सोमवारी हजर व्हायचं होतं. नौदलात खलाशी म्हणून लागल्यावर त्याने आपणहून मरीन कमांडोसाठी नाव दिलं होतं आणि साठवलेली सगळी रजा टाकून तो तयारीला गावी आला होता. तयारी करून घेणारा त्याच्या बहिणीचा नवराच होता. दिग्विजय स्वतः त्याच फौजेतून निवृत्त झालेला. बोईसरला नोकरी सांभाळून तो रोज उजाडता घिवलीच्या किनाऱ्यावर गावातल्या आणि कारखान्यांतल्या पोरांना वाळूत पळवायचा, ओंडके उचलायला लावायचा, कपड्यांसकट समुद्रात पोहायला लावायचा. फी घेत नव्हता, त्यामुळे गावाला त्याच्याविषयी संशय होता.

सगळ्यांत जास्त संशय दिग्विजयच्या सासऱ्यांना. एकनाथ तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, कुंभवलीच्या या कामगाराच्या पोराला एके काळी बोटीवरून पाण्यात ढकलून ढकलून पोहायला शिकवलं होतं. ते म्हणत, "पवायला शिकवला, तर माझी पोरगीच घेऊन पवून गेला." त्या लग्नापासून ते जावयाशी थेट बोलत नसत. जे सांगायचं ते तिसऱ्या माणसाला सांगत. तिसरं माणूस नसेल तर मांजराला.

अंगणात मांडव पडला होता. उमरोळीची बेंजो पार्टी वायर जोडत होती. मागच्या पडवीत हिरा, रिद्धीची आई, पातेल्याएवढ्या कढईत वडे तळत होती.

"आय, दिपेश कुठं?"

"आतल्या खोलीत. तयार होतोय." हिराने वर न पाहता झारा आपटला. "सकाळपासून तयारच होतोय. नवरीला पण इतका टाइम लागत नाय."

रिद्धीने खोलीचं दार ढकललं.

"दार लाव! लाव पयला दार!"

दिपेश खाटेवर बसला होता. वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली हाफ पँट, आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टिकच्या टबात. टबात फोडलेला बर्फ होता. वासावरून तो बोंबलांच्या पेटीतला होता.

"काय झालं?"

"काय नाय. जराशी सूज हाय."

रिद्धीने पाय बाहेर ओढला. नडगीवर, घोट्याच्या वर, लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. तिने त्यावर नुसतं बोट टेकवलं. भावी कमांडोने उशी तोंडात कोंबली.

"कवापासून?"

"लय दिवस झाले. ओंडका घेऊन पळताना आतून टक् झालं."

"आन तसाच पळतोस?"

"ताय, हळू बोल ना. सोमवारपर्यंत काढायचंय फक्त."

"आन सोमवारनंतर?"

"सोमवारनंतर तिथं सगळ्यांचंच दुखतं."

"येड्या, तिथं हाड पुरतं मोडलं तर कायमचा बाद होशील. कमांडो तर नायच, जहाजाच्या शिडीवर पण घेणार नायत तुला."

"आन आता बोललो तर? पुढच्या खेपेला माझं वय बसंल का नाय, कोणाला ठावं नाय." त्याने पाय परत बर्फात घातला आणि डोळे मिटले. "आन बाबा? सगळ्या गावाला जेवाय बोलावलंय. काकानं फोटो लावलाय. मी आता मांडवात जाऊन काय सांगू, पाय दुखतो? दाजींना सांगू नको. तुला आयची शप्पत."

आईची शपथ रिद्धीने अंगण ओलांडेपर्यंत पाळली.

दिग्विजय बोंबील वाळवायच्या वलांड्यांपाशी, समुद्राकडे तोंड करून उभा होता. पलीकडे अणुवीज केंद्राचे घुमट उन्हात पांढरे दिसत होते. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची. इथे ऐकायला फक्त बोंबील होते.

"ऐक. दिपेशचा पाय—"

"उजवा," तो म्हणाला. "नडगी. खालच्या बाजूला."

रिद्धी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत आहे?"

"वाळूत ठसे पडतात. त्याच्या डाव्या पायाचा अख्खा ठसा उमटतो, उजव्याची टाच उमटतच नाही. मी त्याचं पळणं बंद केलं, नुसतं पोहायला लावलं. तर मी गेल्यावर एकटा जाऊन पळतो."

"आणि तू गप्प बसलास?"

"गप्प कुठे? रोज विचारतो, पाय कसा आहे. रोज म्हणतो, ठीक आहे सर."

"तुझ्याच वाळूत मोडलाय तो पाय."

"हो."

हे त्याने इतकं सरळ मान्य केलं, की पुढे भांडायला जागाच उरली नाही. भांडणाची पूर्ण तयारी करून आलेल्या बाईवर याच्याएवढा अन्याय नाही.

"मग थांबव ना त्याला!"

"तिकडे नौदलात एक फोन केला की थांबेल. पण मग तो थांबवलेला असेल, थांबलेला नसेल." तो आता तिच्याकडे वळला. "रिद्धी, पाण्याखाली सगळे एका दोरीला असतात. एकाने दुखणं लपवलं, तर बाकीचे तो धड आहे असं समजून पुढे जातात. आणि मग एकाच्या जागी सगळ्यांना आणायला जावं लागतं. मी गेलोय आणायला. पाय बरा होतो. ही सवय बरी होत नाही."

"आणि सोमवारपर्यंत नाहीच बोलला तर?"

"तर फोन करीन. मग तो माझ्याशी जन्मात बोलणार नाही." त्याने मांडवाकडे, सासऱ्यांच्या पाठीकडे पाहिलं. "या घरात त्याची सवय आहे मला."

तेवढ्यात माइक किंचाळला. कमलाकांतकाका बोलायला उभे राहिले होते.

काकांचं भाषण सागरी सुरक्षेवर सुरू झालं, तिथून ते जेटीच्या रखडलेल्या कामावर आलं आणि येत्या निवडणुकीत जाऊन विसावलं. मध्ये एकदा दिपेशचं नाव आलं, पण ते 'आमचे वडील बंधू एकनाथ यांचे चिरंजीव' असं. मग शाल, नारळ, फोटो. फोटोत काका मध्ये. दिपेश फुल पँट घालून, ताठ, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा होता. तो तसा उभा राहण्यासाठी काय किंमत मोजतोय हे रिद्धीला त्याच्या कानशिलावरच्या घामात दिसत होतं.

मग एकनाथ उठले. त्यांना माइकची गरज नव्हती. उभा जन्म वाऱ्यावर ओरडण्यात गेलेला.

"मला भाषण येत नाय," ते म्हणाले. "एकच सांगतो. आमच्या घरातला माणूस एकदा पाण्यात उतरला की माघारी बघत नाय. माझा बाप बघत नव्हता, मी बघत नाय, माझा पोरगा पण बघणार नाय!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. पंगतीत बसलेले त्यांच्या बोटीवरचे खलाशी शिट्ट्या मारू लागले. दिपेशने खाली पाहिलं.

"झालं," नागोराव रिद्धीच्या कानाशी पुटपुटले. "दारं लावली, कड्या घातल्या, आता पोराला म्हणायलेत, तुझी मर्जी."

म्हणजे अण्णांनाही ठाऊक होतं. रिद्धीने विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय मला? अगं, चाळीस वर्षं कारखान्यात काढली मी. लागलेलं लपवून हजेरी लावणारा माणूस मला पाठमोरा कळतो."

बेंजो सुरू झाला. भावी कमांडोशिवाय नाच कसा होणार? चार हातांनी दिपेशला मधे ओढलं.

सुरुवातीला त्याने युक्ती केली. डाव्या पायावर गिरक्या घेतल्या, हात जास्त हलवले, उजवा पाय नुसता टेकवल्यासारखा केला. लोकांना ती नवीन स्टाइल वाटली. दोन पोरांनी ती उचललीदेखील. पण किनाऱ्यावरचा नाच असा सुटत नाही. ठेका पडला की उजवा पाय आपटावाच लागतो, आणि ठेका दर चार मात्रांनी पडत होता.

आपट. दिपेश हसला. आपट. तो जास्त हसला.

रिद्धी पडवीकडे धावली. "आय, काय तरी कर. त्याला जेवाय बोलव, चक्कर आल्याचं सोंग कर, काय पण कर. त्याचा पाय—"

"ठावं हाय," हिरा म्हणाली. तिच्या हातातला झारा तसाच होता, कढईतला वडा करपत होता. "पेटीतला बर्फ कुठं जातो ते मला कळणार नाय?"

"मग बोलली का नायस?"

"का बोलू? मला बरंच वाटलं. म्हटलं, पाय मोडला तर पोरगं घरी तरी राहील." आणि मग तिने मांडवाकडे पाहिलं. "पण असं हसताना बघवत नाय ग मला."

रिद्धी मांडवात परतली तेव्हा तिने जे पाहिलं त्यावर तिचा विश्वास बसेना. दिग्विजय बेंजोवाल्याच्या कानाशी वाकला होता. बेंजोवाल्याने मान डोलावली, आणि ठेका दुप्पट झाला.

"अहो!" ती गर्दीतून ओरडली. गाण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

आणि मग स्वतःच्या लग्नातही खुर्चीवरून न उठलेला तिचा नवरा नाचणाऱ्यांच्या मधोमध शिरला. लोक शिट्ट्या मारू लागले, "जावय! जावय!" करू लागले. काकांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. दिग्विजय दिपेशच्या समोर, हातभर अंतरावर उभा राहून नाचत होता. नाचत कसला, कवायत करत होता. रिद्धी कोपरं मारत मारत त्या दोघांजवळ पोचली.

"पाय कसा आहे?" दिग्विजयने विचारलं.

"ठीक आहे, सर."

आपट. दिपेशच्या तोंडावरचा रंग उतरला.

"पाय कसा आहे?"

"ठीक आहे सर!"

"बस कर," रिद्धीने नवऱ्याचा दंड धरला. "बस कर, मी तुला सांगते, मी आता ओरडेन."

"तू नको," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तो." आणि परत दिपेशला म्हणाला, "पाणी काळं आहे. दोरी तुझ्या कमरेला आहे. मागे चार जण तुझ्या भरवशावर आहेत, त्यांना वाटतंय तू धड आहेस. दिपेश, पाय कसा आहे?"

आपट.

ठेका पुढे गेला, दिपेश गेला नाही. तो डाव्या पायावर उभा राहिला, उजवा त्याने जमिनीवरून उचलला, आणि तोंड उघडून श्वास घेतला. बुडता माणूस वर येऊन घेतो तसा.

"मोडलाय, सर," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. मला नको सांगू."

दिपेशने मांडवाकडे पाहिलं. मग लंगडत, लपवाछपवी न करता स्वच्छ लंगडत, तो माइकपाशी गेला. बेंजोवाला चपापून थांबला. काका शूटिंग करत होते ते तसेच.

"माझा पाय मोडलाय," दिपेश माइकमध्ये म्हणाला. "लय दिवस झाले. मी लपवला. सोमवारी मी जाणार नाय. उद्या कळवतो तसं. बरा झाला की परत नाव देईन, घेतलं तर जाईन." त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं, पण ते सापडलं नाही. "जेवून घ्या सगळे."

एवढं गाव जमलेलं, पण वड्यांचं तेल चुरचुरताना ऐकू येत होतं. कमलाकांतकाकांमधला नेता सगळ्यांत आधी शुद्धीवर आला. "तर मंडळी, आताच आपल्या भावी—म्हणजे, भविष्यातल्या—" एवढं म्हणून तोही गप्प झाला.

एकनाथ पंगतीतून चालत आले. लोकांनी वाट दिली. ते मुलासमोर उभे राहिले तेव्हा रिद्धीला वाटलं, आता हात उठणार.

"कुठं?"

दिपेशने पँट वर केली. एकनाथ वाकले, बराच वेळ वाकून राहिले, आणि उठले ते जावयाकडे बघत.

"तुला ठावं होतं?"

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला थेट काही विचारलं. मध्ये मांजरसुद्धा नव्हतं.

"हो," दिग्विजय म्हणाला.

"ठावं असून नाचवलास माझ्या पोराला?"

"हो, मामा. इथे स्वतःच्या अंगणात बोलला नसता, तर तिथे पाण्यात बोलला नसता."

"कसाई हायस तू!" एकनाथांचा आवाज फाटला. "माणूस न्हवंस! कोणी असं—" त्यांनी मूठ वळली. नागोराव खुर्चीतून अर्धे उठले. रिद्धी दोघांच्या मध्ये सरकली, आणि आपण बापाला अडवायला आलोय की नवऱ्याला वाचवायला, हे तिचं तिला कळेना.

"बाबा," दिपेश म्हणाला, "त्यांना नका बोलू. रोज विचारायचे ते. मीच खोटं बोलायचो. तुमाला काय वाटंल म्हणून."

एकनाथांची मूठ तशीच राहिली. नुसती सैल पडली. ते जवळच्या खुर्चीवर बसले. हनुवटी छातीला टेकली. मग ते बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतकं हळू, की मागच्यांना ऐकायला पुढे यावं लागलं.

"मला डाव्या डोळ्यानं दिसत नाय."

"काय?" हिरा पडवीतून बाहेर आली.

"धुकं दिसतं नुसतं. उजवा पण आता तसाच व्हाय लागलाय. सुकाणूवर बसतो. अंदाजानं चालवतो." त्यांनी मुलाच्या नडगीवर हात ठेवला, अगदी हलका. "आन माझ्या बोटीवर पण माणसं असतात."

पंगतीत त्यांचे खलाशी बसले होते, हात ताटात तसेच. रिद्धीने त्यांच्याकडे पाहिलं. या माणसांच्या बायका, पोरं, सगळी मांडवातच होती. त्यांनी आता काय करायचं? उठून जायचं? त्यांनी तसं केलं असतं, तर कुणाचीही चूक नसती.

सगळ्यांत जुना खलाशी कृष्णकांत. त्याने हात ताटाच्या कडेला पुसला.

"तांडेल, आमाला ठावं हाय."

एकनाथांनी मान वर केली.

"पावसाळ्यानंतर दुसऱ्याची जाळी तोडलीत तुमी, तवाच कळलं. तवापासून एक जण सारखा नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा असतो. वारा खायला नाय उभा रहात. डाव्या अंगाला काय आलं की तो खोकतो, आन तुमी सुकाणू वळवता. तुमाला काय वाटलं, सगळ्या बोटीला एकदमच खोकला झाला?"

कोणीतरी हसलं.

"मग बोलला का नाय, मेल्यांनो?" एकनाथ ओरडले. आवाज जागेवर आला होता.

"तुमी बोलायची वाट बघत होतो," कृष्णकांत म्हणाला. "पण परवा नाळेवरचा पोरगा खोकला आन तुमाला ऐकू गेलं नाय. थोडक्यात वाचलो. घरी बायकोला नाय सांगितलं ते."

त्याच्या बायकोला आता ते कळलं. ती पंगतीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिने हातातलं भाकऱ्यांचं टोपलं खाली ठेवलं आणि एकनाथांकडे पाहिलं. त्या नजरेसमोर तांडेल उठून उभे राहिले.

"उद्यापासून सुकाणू तुझ्याकडं, कृष्णा," ते म्हणाले. "माझं काय ते डाक्तर सांगंल. तवर मी किनाऱ्यावर."

हे वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं, ते एका हिराला कळलं असावं. तिने पदर तोंडाला लावला, आणि मग एकदम ओरडली, "आरं बसलात काय बघत! पोराला उचला कोणी तरी, बोईसरला न्या!"

दिग्विजयने दिपेशला पाठीवर घेतलं, जणू पोतं घ्यावं तसं, एका झटक्यात. तो गाडीकडे निघाला. रिद्धी किल्ल्या घेऊन पुढे पळाली. मागून चपला फरफटल्याचा आवाज आला. एकनाथ येत होते.

"डोळ्यांचा पण असतो ना रे कोणी तिकडं?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळण्यासारखं होतं, कारण समोर दुसरं कुणी नव्हतं.

"असतो, मामा. उद्या मी तिथेही नेतो. आज पाय दाखवू."

"मग मी पण येतो आज. एकटं काय बसू घरात."

"अण्णा, तुम्ही?" रिद्धीने मागोमाग आलेल्या सासऱ्यांना विचारलं.

"मी थांबतो. जेवण कुणीतरी संपवाय पाहिजे," नागोराव म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले.

दिपेशचा पाय लांब करायचा तर त्याला पुढची सीट पाहिजे होती. पण वडील माणूस मागे कसं बसणार, म्हणून तो एका पायावर उभा राहून बापासाठी पुढचं दार धरून राहिला. घामाघूम झालेला, ओठ दाताखाली दाबलेला.

एकनाथांनी त्याच्या हातातून दार सोडवलं.

"बस तू पुढं," ते म्हणाले, आणि चाचपडत मागचं दार शोधू लागले. "मला पुढं बसून काय दिसणार हाय?"